नातीच्या कानांची मी घेतलेली परीक्षा

दोन हजार बावीस साली मी एकाहत्तर वर्षांचा होतो. नातीला दोन वर्षं पूर्ण होऊन वर दोन महिने झाले होते आणि तिच्या तोंडातून एक शब्द निघत नव्हता. घरात हा विषय निघाला की मी ताट पुढे सरकवून उठायचो. मला वाटायचं, पोर माझी, घर माझं, आणि तिचं काय चाललंय ते मला बाहेरच्या कोणी येऊन सांगायची गरज नाही.

आता गावात सांगतात की देवानेच तसं पाठवलं, कोणाचा इलाज नव्हता. माझ्या तोंडावर तर मुद्दाम सांगतात, म्हाताऱ्याला बरं वाटावं म्हणून. मला बरं वाटायला नको आहे. कान देवाने तसे दिले, कबूल. पण पुढची दोन वर्षं देवाने नाही घालवली. ती मी घालवली.

माझी शाळा तिसरीपर्यंत. चौथीत बापाने होडीत घातलं ते आजतागायत. आचऱ्याच्या बाजूला खाडी समुद्राला मिळते तिथे आमचं घर. मुलगा जहाजावर, वर्षातले आठ-नऊ महिने पाण्यावरच. घरात मी, बायको, सून आणि ही पोर. सून वेंगुर्ल्याकडची, बारावी शिकलेली. पण घरात शब्द माझा चालायचा, आणि तो चालतो याची मला घमेंड होती. ते लपवण्यात अर्थ नाही.

पोर सहा-सात महिन्यांची असताना तोंडाने आवाज काढायची. पाळण्यात पडून बा बा बा, गू गू, आपल्याशीच चाललेलं. मी जाळं विणत बसायचो आणि शेजाऱ्याला सांगायचो, आमची बाय बघ, आतापासून भांडता. मग ते आवाज कमी कमी होत गेले. वर्षाची झाली तेव्हा जवळजवळ बंद. रडायची मोठ्याने, हसायची, पण ते बा बा गेलं. कोणाच्या लक्षात आलं नाही असं मी म्हणणार नाही. सुनेच्या आलं होतं. तिने बायकोला सांगितलं, बायकोने मला. मी म्हटलं, पोर शहाणी झाली, उगाच बडबडत नाही.

अंगणवाडीची बाई पोरांची वजनं करायला यायची. पोर दोन वर्षांची होऊन गेल्यावर एकदा ती वजन झालं तरी गेली नाही, ओट्यावरच उभी राहिली.

"आबानूं, मी हिका मागसून हाक मारलंय. दोनदा. तिनां बघूक नाय."

"तुझ्या हाकेक मीसुद्धा बघूचंय नाय," मी म्हटलं.

बायको हसली. बाई हसली नाही. म्हणाली, "हसान सोडू नकात. कान तपासून घेवया. पोर आयकता तसा बोलता. आयकलांच नाय तर बोलतला काय? जितक्या लवकर करश्यात तितक्या बरां."

"मी चार वर्सांचो होयसर बोलूकच नाय. माझी आवस सांगायची. आता गप ऱ्हवतंय काय?"

"अवो, ता खरां," बायको म्हणाली, "चार वर्सां बोलूक नाय ता सगळा आता भायर काडतत."

यावर ओट्याशी जमलेली शेजारपाजारची माणसंही हसली. बाई गेली. मला वाटलं, जिंकलो.

पण मी अगदीच आंधळा नव्हतो. तिचं बोलणं डोक्यात राहिलं. मनात म्हटलं, तपासायचं तर आपणच तपासू. आमच्या धंद्यात कोणी कागद वाचून काही ठरवत नाही. पाणी बघायचं, वारा अंगावर घ्यायचा आणि ठरवायचं. दुसऱ्या दिवशी ओहोटीला होडी खाडीच्या तोंडाशी उभी होती. पोरीला उचलून होडीत नेलं आणि मधल्या फळीवर बसवलं, तोंड समुद्राकडे, पाठ माझ्याकडे. मी मागे जाऊन होडीचं मशीन चालू केलं. पोर गर्रकन वळली. डोळे एवढे मोठे. मग मशीन बंद केलं, ती परत समुद्राकडे बघायला लागेपर्यंत थांबलो, आणि वल्ह्याचा दांडा तळाच्या फळीवर आपटला. परत वळली. तीन वेळा केलं. तिन्ही वेळा वळली, आणि तिसऱ्या वेळी हसली, तिला खेळच वाटला.

खांद्यावर घालून घरी आणली आणि अंगणातूनच ओरडलो, "हिचे कान माझ्यापेक्षा तिखट आसत! कोणाक सांगूचां आसात तर सांगा त्या बाईक!"

सून दारात आली. "बाबा, मी हाक मारतंय तेव्वा बघणा नाय."

"तुझी हाक आयकान आमी पण कंटाळलो गो."

ती आत गेली. तेव्हा माझं तिच्याकडे लक्ष नव्हतं. आज तो तिचा पाठमोरा चेहरा मला दिसतो, म्हणजे दिसला नव्हता तरी दिसतो.

मग घरचे उपाय सुरू झाले. कान ठीक म्हटल्यावर दोष जिभेचा. बायको रोज सकाळी वेखंड उगाळून तिच्या जिभेवर चोळायची. पोर ओकायची, लाथा झाडायची. मी म्हणायचो, बघा आवाज केवढा, वाचा आहे, फक्त सुटायची आहे. सुनेने दोन-तीनदा पोरीला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचं काढलं तेव्हा मी देवळात गेलो आणि गुरवाकडून कौल लावला. आमच्याकडे मोठं काही ठरवायचं तर देवाला विचारतात. मूर्तीच्या उजव्या-डाव्या अंगाला कळ्या लावायच्या, गाऱ्हाणं घालायचं, आणि उजवी पडली तर होय. मी गाऱ्हाणं घातलं की हिची वाचा सुटायची असेल तर उजवा दे. उजवी कळी पडली. मी नारळ फोडला आणि सुनेला सांगितलं, संपला विषय.

कानाचं मी देवाला विचारलंच नव्हतं. ज्याची मला खात्री होती ते कशाला विचारू? देवसुद्धा विचारलं तेवढ्याचंच उत्तर देतो.

सुनेने नवऱ्याला फोन लावला. जहाज कुठल्यातरी बंदरात होतं. फोन तिने मुद्दाम मोठ्या आवाजावर ठेवला, मला ऐकू यावा म्हणून. मुलगा म्हणाला, "बाबा थांब म्हणतत तर थांब. मी येतलंय तेव्वा बघूया." तो आला तेव्हा मी त्याला होडीत नेलं आणि परीक्षा करून दाखवली. त्यानेही स्वतः वल्हं आपटलं. पोर वळली. मुलगा सुनेला म्हणाला, "मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय." मग परत जहाजावर गेला. दोघे दर्यावर्दी, बाप आणि झील, आणि दोघांनाही एकच गोष्ट उलटी दिसली.

या काळात पोर काय करत होती ते सांगतो. तिच्या वयाची पोरं ह्यां काय, त्यां काय, कित्या, असं विचारून आईबापाचा जीव खात होती. आमची हात धरून ओढायची. पाणी हवं तर मडक्याकडे ओढायची, बाहेर जायचं तर दाराकडे. आम्हाला कळलं नाही तर आडवी पडून टाचा आपटायची, चावायची. माझ्या मनगटावर तिच्या दातांचे वळ असायचे आणि मी ते बंदरावर कौतुकाने दाखवायचो. उद्या सकाळी मामाकडे जायचं आहे, हे आम्हाला तिला आधी कधी सांगता आलं नाही. उचलून गाडीत बसवलं की तिला कळायचं. तिचं सगळं आयुष्य असं, अचानक उचलून नेल्यासारखं. हे मला आता कळतं. तेव्हा मी म्हणायचो, पोर तापट आहे, माझ्यावर गेली.

बंदरावर एकजण तिला मुकी म्हणाला. मी त्याची गचांडी धरली. चारजणांनी सोडवलं. घरी येऊन छाती काढून सांगितलं, नातीसाठी मारामारी केली. सून म्हणाली, "मारामारी करूक जमता, बाबा. गोव्याक जावक जमणा नाय." त्या दिवशी मी तिच्या हातचं जेवलो नाही.

दोन हजार चोवीसचा पावसाळा. होडी वर काढून किनाऱ्यावर माडांखाली ठेवली होती, मशीन सोडवून घरी आणलेलं. पावसाने उघडीप दिली म्हणून मी होडीच्या फटी बघायला गेलो होतो. सून पोरीला घेऊन तिथे आली. पोर आता चार वर्षांची. तिने पोरीला होडीपासून पाच-सहा पावलांवर रेतीत सोडलं. पोर आमच्याकडे पाठ करून बसली आणि कुर्ल्यांची बिळं उकरायला लागली.

"बाबा, वल्हां घेवा आणि होडीर वाजवा."

"कित्या?"

"तुमची परीक्षा परत घेवा. होडीत बसवान नको. रेतीत."

मी वल्हं उचललं आणि होडीच्या अंगावर मारलं. माडावरचा कावळा उडाला. पोरीने मान वर केली नाही. मी जोराने मारलं. लांबून कोणाचा तरी कुत्रा भुंकला. पोर बिळात काडी घालत होती. तिसऱ्यांदा मारलं तेव्हा वल्ह्याचा दांडा चिरला.

सुनेने पोरीला उचललं, होडीत मधल्या फळीवर बसवलं आणि मला म्हणाली, "आता वाजवा."

मी वाजवलं नाही. वाजवायची गरज नव्हती. आयुष्यभर होडीत उभा राहिलो आहे मी. तळाला खडक घासला, जाळ्यात मोठं काही अडकलं, मशीनचा एक बोल्ट सैल झाला, हे कानाच्या आधी माझ्या तळपायाला कळतं. फळी सांगते. पोर फळीवर बसली होती, तिलाही फळीने सांगितलं, आणि मी ते तिच्या कानांच्या नावावर घातलं. शिकलेल्या माणसाने ही चूक केली नसती, कारण शिकलेल्या माणसाने पोरीला होडीत नेलंच नसतं.

"कदी कळला तुका?" मी विचारलं.

"पयल्याच दिवशी संशय इल्लो. पण तुमच्याफुडे बोलतला कोण?"

गोव्याला मोठ्या इस्पितळात गेलो. कापसाने मढवल्यासारखी एक खोली होती, तिथे पोरीला आईच्या मांडीवर बसवून आवाज सोडले. मी काचेबाहेर उभा. आवाज एवढा चढवला की काचेतून मलाही बारीक लागला, तरी पोर आपली खेळण्याशी खेळत होती. मग झोपेचं औषध देऊन डोक्याला वायरी लावल्या आणि आणखी एक तपासणी केली. डॉक्टरीण तरुण होती, माझ्या नातीची मावशी शोभेल अशी. तिने समजावलं. दोन्ही कान जन्मापासून फार कमी. अगदी मोठे आवाज थोडे पोचतात, माणसाचं बोलणं पोचत नाही.

"पण लहानपणी बा बा करी," मी म्हटलं.

"सगळी मुलं करतात, आजोबा. बहिरीसुद्धा. पण ऐकणाऱ्या मुलाला आपला आवाज परत ऐकू येतो, म्हणून ते आणखी करतं. हिला काहीच परत आलं नाही. मग ती थांबली."

ती थांबली. आणि मी सांगत होतो, शहाणी झाली.

"कानाला मशीन लावल्यावर बोलेल ना?"

"चष्मा लावला की दिसतं, तसं हे नाही. मशीनने आवाज जाईल. पण तो कशाचा, त्याचा अर्थ काय, हे तिला आजपासून शिकायचंय. पहिल्या दोन-तीन वर्षांत मूल ते फुकट शिकतं, कोणी न शिकवता. तो काळ गेला. आता एकेक शब्द शेकडो वेळा ऐकवावा लागेल. बोलेल, पण किती आणि किती स्पष्ट, हे मी आज सांगू शकत नाही." मग तिने कागदावरून मान वर केली. "इतके दिवस का थांबलात?"

सुनेने माझ्याकडे बघितलं नाही. म्हणाली, "आम्हाला कळलंच नाही."

मी तिथेच होतो. माझं तोंड कोणी बांधलं नव्हतं. सुनेने माझी अब्रू राखली आणि मी ती राखू दिली. गचांडी धरायला जी हिंमत लागते तिच्यातली चिमूटभर त्या खोलीत माझ्याकडे नव्हती.

महिन्याभराने मशिनं आली, दोन्ही कानांमागे लावायची. पहिल्या दिवशी लावली तेव्हा पोर इतकी घाबरली की आईच्या पदरात डोकं खुपसून बसली. पंखा, भांडी, कोंबडा, सगळं एकदम तिच्यावर कोसळलं असणार. मी पुढे होऊन म्हटलं, "बायो, मी आजो." माझा आवाज मोठा, समुद्रावरचा. तिने किंकाळी फोडली आणि मशीन ओरबाडून काढलं. चार वर्षांत माझा आवाज पहिल्यांदा तिच्या कानात गेला, तो असा.

बोलायला शिकवणारी एक मॅडम कुडाळला बसते. आठवड्यातून एकदा एसटीने न्यायचं. तिथे मॅडम ढोलकं वाजवते, पोरीने आवाज आला की मणी डब्यात टाकायचा. सून आणि बायको नेत होत्या. मी पहिले दोन महिने गेलो नाही, मासळीचं कारण सांगून. एका आठवड्यात बायको आजारी पडली आणि सुनेच्या मदतीला मला जावं लागलं.

मॅडमने विचारलं, घरच्या माणसांना ही काय हाक मारते. सून म्हणाली, हाक नाही, खुणा आहेत. आईसाठी मनगटावरून बांगड्या फिरवते. आजीसाठी डोक्यामागे अंबाडा. "आणि आजोबा?" मॅडमने विचारलं. सुनेने माझ्याकडे बोट दाखवलं, तशी पोरीने दोन बोटांनी ओठावरून मिशी पिळली, दोन्हीकडे, ऐटीत. अगदी मी करतो तशी. मॅडम हसली. मीही हसलो, पहिल्यांदा काहीतरी माझ्या वाट्याला आलं म्हणून.

मग मॅडमचं लक्ष माझ्या तोंडाकडे गेलं. "आजोबा, राग मानू नका. तुम्ही बोलता तेव्हा तुमचे ओठ मलाच दिसत नाहीत. मिशी सगळी ओठांवर आली आहे. हिला अर्धं कानाने कळणार, अर्धं तोंडाकडे बघून. तुमचं तोंड तिला बंद दिसतं."

"ती मला ओळखते, खूण करते ती मिशीवरनं," मी म्हटलं, "आणि तुम्ही ती काढायला सांगताय?"

"खूण राहू दे. ती तिची भाषा आहे, मोडायची नाही. दुसरी खूण करील ती. पण तुमचा शब्द तिला दिसायला हवा."

मॅडम बाहेरगावची. आमच्याकडे बाप गेला की मिशी काढतात, हे तिला ठाऊक असेल-नसेल. माझी मिशी बाप गेला तेव्हा काढली होती, बेचाळीस वर्षांपूर्वी. त्यानंतर तिला वस्तरा लागला नाही.

सून घाईने म्हणाली, "ऱ्हवांदे, मॅडम. बाबांका जमूचा नाय. मी आणि सासूबाई बोलतो तिच्याशी, तितक्या पुरे."

ती रागाने बोलली असती तर मला सोसलं असतं. ती सरळ, कामाचं बोलावं तसं बोलली. चार वर्षांत तिला माझी जी सवय झाली होती, तिच्यावरून बोलली. एसटीत पोर माझ्या मांडीवर झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा न घेता मी तिठ्यावरच्या न्हाव्याकडे गेलो. बाकावर दोघे नंबर लावून बसले होते. मी खुर्चीत बसलो आणि म्हटलं, मिशी काढ.

न्हाव्याचा हात थांबला. "आबानूं, कोण गेला?"

"कोण जावक नाय. काढ."

"वायच कातरतंय, बारीक करतंय..."

"सगळी काढ."

बाकावरचे दोघे उठून उभे राहिले, मयताची बातमी असल्यासारखे. मी आरशात बघितलं नाही. मागची वाट होती, तिने न जाता बाजारातून चालत घरी आलो. चौघांनी विचारलं, कोण गेला. मी चालतच राहिलो.

पोर आईजवळ ओट्यावर होती, मशिनं कानाला. माझ्याकडे बघून तिची दोन बोटं ओठाकडे गेली आणि अर्ध्यावर राहिली. ती आईच्या मागे सरकली. मी तिच्यासमोर खाली जमिनीवर बसलो, तोंड तिच्या तोंडाच्या उंचीला येईल असा, आणि हळू आवाजात म्हटलं, "आजो." तिने मशीन काढून फेकलं. मी ते उचललं, फुंकर मारून सुनेच्या हातात दिलं. तिने परत लावलं. मी परत म्हटलं, "आजो."